माझे वजन आणि त्यांचा धंदा

चकली, अनारसे, कडबोळी यांच्या कृती या अंकात अन्यत्र सापडतीलच, तेव्हा त्या मी देत नाही. मी सांगणार आहे ती गेल्या दिवाळीतली आमच्या घरची हकीकत. ती फारशी गोड नाही, हे आधीच सांगून टाकते. पण घरोघरी मुली आहेत, घरोघरी मोबाइल आहे, आणि दाराशी आलेल्या लेकीबाळीला 'जाड झालीस' किंवा 'वाळलीस' म्हटल्याशिवाय आत न घेण्याची रीतही घरोघरी आहे. म्हणून सांगते.

माझी नात सोळा वर्षांची. पुण्याला असते. दर वर्षी वसुबारसेला लेक-जावयाबरोबर डोंबिवलीला आमच्याकडे येते. गेल्या वर्षी आली ती जणू कंबर कसूनच. भाजणी तिने भाजली, चकल्या तिने पाडल्या, करंज्यांच्या कडा तिने कातल्या. "आजी, मोहन जास्त झालं तर चकली तेलात फसकते हं!" असे ती मलाच बजावू लागली, तेव्हा मी कौतुकाने शेजारणीला हाक मारली. मोबाइलवर सारखी पाककृती बघत बसायची. सगळ्यांना आग्रह करकरून वाढायची. स्वतःच्या ताटलीत मात्र एका चकलीचे आठ तुकडे करून ते इकडचे तिकडे करीत राहायची. विचारले तर म्हणे, "तळताना वासानंच पोट भरलं." आता हा अनुभव कढईसमोर उभी राहिलेली कोणती बाई नाकारील? आम्ही कोणी काही बोललो नाही.

भाऊबीजेला धाकट्या भावाला ओवाळताना ती तबकासकट खाली कोसळली.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, ती फार मंद होती. हात गार होते. चार महिने पाळी आली नव्हती, हे आईलाही ठाऊक नव्हते. 'अॅनोरेक्सिया' हे नाव मी वाचलेले होते, पण ते परदेशातल्या नट्यांचे दुखणे अशी माझी समजूत! डॉक्टर म्हणाले, "हा हट्ट नव्हे, आजार आहे. रागावून जाणार नाही आणि लाडूनंही जाणार नाही." मग त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, "हे कधीपासून? हिला कुणी काही बोललं होतं का?"

मी खाली मान घातली. मे महिन्याच्या सुटीत ती आली तेव्हा दारातच तिचा गालगुच्चा घेऊन मी म्हटले होते, "अगंबाई, काय बाळसं धरलंय पोरीनं! आता जरा आवर हो, नाहीतर माझ्यासारखी होशील."

माझ्या एका वाक्याने मुलगी आजारी पडली असे डॉक्टर म्हणाले नाहीत. उलट अशा आजाराला अनेक कारणे असतात, स्वभाव असतो, घराण्यातला वारसा असतो, असे त्यांनी समजावून सांगितले. पण 'माझ्यासारखी होशील' हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. माझ्यासारखी म्हणजे कशी? माझ्या शरीराबद्दल मला इतकी लाज कधीपासून वाटू लागली? रात्री झोप येईना, म्हणून मी माझाच हिशेब मांडला. तोच आता आपल्यापुढे ठेवते.

१९८१ साली माझे वजन अडतीस किलो होते. तेव्हा 'दाखवण्याचे' कार्यक्रम चालले होते आणि दोन ठिकाणांहून 'मुलगी फार किरकोळ आहे' असा निरोप आला होता. माझी आई खचली. तिने वर्तमानपत्रातली एक जाहिरात पाहून शक्तिवर्धक औषधाच्या बाटल्या आणायला सुरुवात केली. ती जाहिरात मला अजून दिसते. शेजारी शेजारी दोन चित्रे. डावीकडे हाडकुळी मुलगी, चेहरा पडलेला, केस विस्कटलेले. उजवीकडे तीच मुलगी गुबगुबीत, हसरी, गळ्यात मंगळसूत्र! बाटलीत काय होते देव जाणे. तोंडाला साखरेची चव यायची. वजन एक किलोही वाढले नाही. लग्न झाले ते आमच्या ह्यांना किरकोळ मुलगी चालत होती म्हणून.

पुढे दोन बाळंतपणे झाली, चाळिशी उलटली, अंग भरले. २००४ साली भाचीच्या लग्नाच्या तोंडावर मी एका 'सडपातळ' करून देणाऱ्या केंद्रात नाव घातले. बारा हजार रुपये भरले. कोणते केंद्र ते विचारू नका. सांगण्यासारखा पराक्रम त्यांचाही नाही नि माझाही नाही. पोटाला पट्टा बांधून यंत्रावर निजवायचे, आणि बाहेर आल्यावर टेपने कंबर मोजायची. आत जाताना टेप सैल असे, बाहेर येताना घट्ट. चार किलो उतरले, लग्नात दोघीतिघींनी "किती बारीक झालीस!" म्हटले, आणि वर्षाच्या आत सहा किलो परत आले. त्या केंद्राच्या भिंतीवर एक मोठे चित्र होते. शेजारी शेजारी दोन छायाचित्रे. डावीकडे जाड बाई, चेहरा पडलेला, केस विस्कटलेले. उजवीकडे तीच बाई बारीक, हसरी!

तेवीस वर्षांत फरक काय पडला होता? चित्रांच्या जागा तेवढ्या बदलल्या होत्या. पडलेला चेहरा आधी बारीक बाईला होता, तो आता जाड बाईला लावला होता. मी दोन्ही वेळा डावीकडचीच बाई होते. आणि दोन्ही वेळा पैसे आमचेच गेले.

मग मला वाटू लागले, सुंदर बाईचे माप ठरवते तरी कोण? आमच्या आजीच्या पिढीसमोर रविवर्म्याच्या छापील तसबिरी होत्या. १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना निघाला आणि त्या भरल्या अंगाच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. मग बालगंधर्व आले. त्यांच्या शालूची, नेसण्याची, दागिन्यांची नक्कल भल्याभल्या घरच्या बायका करीत. आमच्या आज्यांना बाईपणाचा ठसका शिकवला तो एका पुरुषाने, आणि तो काही शिडशिडीत नव्हता! पुढे २००८ साली 'टशन' चित्रपटाच्या वेळी करीना कपूरच्या 'झिरो साइझ'ची हवा झाली आणि माझ्या लेकीच्या मैत्रिणी दुपारच्या डब्यात काकडी नेऊ लागल्या. बायकांची हाडे-मांस तीच होती, माप मात्र दर पिढीला दुसराच कोणी ठरवून देत होता.

हे माप हेतुपुरस्सर ठरवता येते, हे विकणाऱ्यांना फार लवकर कळले. अमेरिकेत १९२८ साली 'लकी स्ट्राइक' सिगारेटच्या कंपनीने बायकांना उपदेश केला की, गोड खावेसे वाटले तर त्याऐवजी आमची सिगारेट ओढा, म्हणजे अंगावर चरबी चढणार नाही. मिठाईवाले खवळून उठले, कारण त्यांचा धंदा बसू लागला. बायकांच्या फुप्फुसांचे काय होईल, हा प्रश्न त्या भांडणात नव्हताच. भांडण होते ते बाईच्या हातातला पैसा कोणाच्या गल्ल्यात जावा, याचे.

कोणी म्हणेल, 'जाहिरात बघून का माणूस बदलतो? आपण काय इतके दूधखुळे आहोत?' मलाही तसेच वाटत होते. मग लेकीने मला फिजी बेटांची हकीकत वाचायला दिली. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ साली प्रथम टीव्ही आला. त्याआधी तिथे धष्टपुष्ट असणे हे चांगल्या घरचे लक्षण मानीत. 'अंगानं सुधारलीस' ही तिथे स्तुती. भूक मंदावली तर त्याला 'माथाके' नावाचे दुखणे समजून घरचे लोक पाल्याचा औषधोपचार करीत. आपल्याकडे आजी 'सुकली ग माझी बाय' म्हणून डोळ्याला पदर लावते, अगदी तसेच! हार्वर्डच्या अॅन बेकर या बाईंनी टीव्ही आला त्याच सुमारास तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली, आणि तीन वर्षांनी, १९९८ साली, तशाच वयाच्या मुलींची पुन्हा केली. पहिल्या खेपेला वजन उतरवण्यासाठी उलट्या काढणारी एकही मुलगी त्यांना आढळली नव्हती. दुसऱ्या खेपेला शंभरात अकरा निघाल्या. आणि शंभरातल्या चौऱ्याहत्तर मुली सांगत होत्या की, कधी ना कधी आपण फार जाड आहोत असे आपल्याला वाटते. परदेशी मालिकांतल्या सडपातळ नायिकांसारखे व्हावे, म्हणजे आयुष्याचे भले होईल, असे त्यांच्या मनाने घेतले होते. शेकडो वर्षांची समजूत उलटी व्हायला तीन वर्षे पुरली.

आणि ही गोष्ट टीव्हीची. टीव्ही दिवाणखान्यात असतो, चार माणसे बरोबर बघतात, 'काहीतरीच दाखवतात मेले!' असे म्हणायला शेजारी कोणी असते. नातीचा मोबाइल तिच्या उशीखाली असतो. आजारपणात तिने तो माझ्या हाती दिला तेव्हा मी तासभर नुसती बघत बसले. सकाळी उठून प्यायचे पाणी, पोट सपाट करणारी पूड, 'एकवीस दिवसांत' हे, 'सात दिवसांत' ते; एक संपले की दुसरे आपोआप समोर. तिने एकदाच कधीतरी 'मांड्या बारीक कशा कराव्या' असे शोधले होते. तेवढ्यावरून त्या यंत्राने तिची दुखरी जागा हेरली आणि दिवसरात्र तिथेच बोट ठेवले. आमच्या लोकलच्या डब्यात 'घरबसल्या वजन घटवा' अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. पण ती चिठ्ठी निदान माझ्यामागोमाग घरी येत नसे! २०२१ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल' या वृत्तपत्राने इन्स्टाग्रामच्या मालकांचीच अंतर्गत पाहणी उघडकीला आणली. त्यात शंभरातल्या बत्तीस मुलींनी सांगितले होते की, शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्रामने ते आणखी वाईट वाटते.

या 'सात दिवसांत पाच किलो'चा हिशेब मी कागदावर मांडला. आपणही मांडून पाहा, चौथीतल्या मुलालाही येईल. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक असतात. पाच किलोचे झाले ३८,५००. सात दिवसांनी भागले की रोजचे ५५००. आता सर्वसाधारण बाई दिवसभरात खर्च करते तेच मुळी सुमारे १७०० ते २१०० उष्मांक. म्हणजे सात दिवस पाण्याचा घोट घेऊन राहिली तरी तिची पाच किलो चरबी जाणार नाही! मग काटा खाली येतो कसा? शरीरात साखरेचा जो साठा असतो, त्यातल्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. उपास काढला की आधी तो साठा नि ते पाणी जाते. पोटभर जेवलात की परत येते. माझे बारा हजार रुपये मुख्यतः पाण्यात गेले, ते असे.

छायाचित्रांचेही तेच. 'आधी'च्या बाईला पोट सोडून उभे करतात, उजेड समोरून टाकतात. 'नंतर'च्या बाईला श्वास आत घेऊन, खांदे मागे टाकून, बाजूच्या उजेडात उभे करतात. दोन्ही छायाचित्रे एकाच दिवशीही काढता येतात. उरलेसुरले काम संगणक करतो.

पण मला सर्वात हादरवले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. १९४४-४५ साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी छत्तीस धडधाकट तरुणांवर त्यांच्या संमतीने एक प्रयोग केला. सहा महिने त्यांना निम्म्यासारखे अन्न द्यायचे आणि काय होते ते टिपून ठेवायचे. त्या तरुणांना अन्नावाचून दुसरे काही सुचेना. ते चिडखोर झाले, उदास झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली. आणि ज्यांनी आयुष्यात कधी कढईला हात लावला नव्हता असे काही जण पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसू लागले!

हे वाचले आणि माझ्या हातातला चष्मा खाली आला. भाजणी भाजणारी, चकल्या पाडणारी, रात्री बारापर्यंत पाककृती बघणारी माझी नात मला दिसली. ज्याचे मी शेजारीपाजारी कौतुक केले, ती आवड नव्हती. ती भूक होती. पोटातली भूक पोटातून हुसकल्यावर ती डोळ्यांत आणि हातांत जाऊन बसली होती, आणि आम्ही चौघे मोठे तिच्या हातची चकली खात होतो.

हे सगळे मी ह्यांना सांगितले, तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून विचारले, "अगं, पण लठ्ठपणा वाईट नाही का? मला मधुमेह आहे, डॉक्टर मलाच चालायला सांगतात ना?" प्रश्न रास्त आहे. आपल्या लोकांना युरोपीय लोकांपेक्षा कमी वजनावरच मधुमेह गाठतो, हे खरे आहे. चालावे, दोन घास कमी खावे, तळणाला आवर घालावा, यात वादच नाही. आमचे हे रोज संध्याकाळी चालून येतात. त्यासाठी त्यांना कोणी लाज वाटायला लावलेली नाही. डॉक्टर साखर विचारतात, रक्तदाब विचारतात, जिना चढताना दम लागतो का ते विचारतात. जाहिरात यातले काय विचारते? ती विचारते, 'लग्नात तो ब्लाउज बसेल का? लोक काय म्हणतील?' ज्या जाहिरातीत आरोग्याचा एकही प्रश्न नाही आणि लोकांच्या नजरेचे दहा आहेत, ती आरोग्य विकत नाही. ती आधी लाज विकते, मग त्या लाजेवरचा उतारा. आणि उतारा कधीच पुरा पडत नाही, कारण तो पुरा पडला तर दुकान बंद होईल!

कायदे नाहीत असेही नाही. औषधाने लठ्ठपणा जातो अशी जाहिरात करण्याला आपल्याकडे १९५४ सालच्या कायद्यानेच बंदी आहे. आक्षेपार्ह जाहिरातींच्या त्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणाचे नाव स्पष्ट आहे. पण कायदा बोलतो औषधाबद्दल, आणि पुडीवर लिहिलेले असते 'पूरक आहार'. २०२२ साली केंद्र सरकारने फसव्या जाहिरातींबद्दल नियम केले. मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल न्यूनगंड येईल अशी जाहिरात करू नये, असे त्यांत म्हटले आहे. फ्रान्समध्ये २०१७पासून आणि नॉर्वेमध्ये २०२२पासून, जाहिरातीतल्या माणसाचे शरीर संगणकावर बदललेले असेल तर तसे चित्रावरच लिहावे लागते. हे सगळे चांगलेच आहे. पण सरकारचा शिपाई नातीच्या उशीखाली जाऊन बसू शकत नाही. आणि माझ्या दारात तर कोणताच कायदा नव्हता. जाहिरातदाराला माझ्या नातीचे नावही ठाऊक नव्हते. त्याची जाहिरात तिच्यापर्यंत घरच्या माणसाच्या आवाजात पोचवली ती मी.

म्हणून आम्ही घरापुरता कायदा केला. आल्यागेल्याच्या अंगावर बोलायचे नाही. 'जाड झालीस' नाही आणि 'किती बारीक झालीस!' हेही नाही. तुम्हाला वाटेल, दुसरी तर स्तुती आहे. पण ज्या मुलीने बारीक होण्यासाठी जेवण सोडले आहे तिला ती शाबासकीच ठरते. आम्हा बायकांना हा नियम पाळणे किती जड जाते, हे एक हळदीकुंकू होईतो कळले. पहिल्या दहा मिनिटांत चौघींची वाक्ये अर्ध्यावर थांबली, आणि मग बोलायचे तरी काय, असा प्रश्न पडला! शेवटी एकीने पुस्तकाचे नाव काढले, दुसरीने मुलाच्या नोकरीचे, आणि कार्यक्रम नेहमीपेक्षा बरा झाला. घरातला वजनाचा काटाही मी माळ्यावर टाकला.

नात अजून पुरती बरी नाही. मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, आहाराच्या बाई आहेत, दर पंधरवड्याला वजन होते, तेही काट्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि आकडा तिला सांगायचा नाही. चार पावले पुढे, दोन मागे असे चालले आहे. पाळी सुरू झाली. शाळेत पुन्हा जाऊ लागली. वेळ लागेल, असे डॉक्टर म्हणतात. आम्हाला घाई नाही.

यंदा गणपतीला ती आली. दाराची घंटा वाजली आणि माझे पाय अडखळले. साठ वर्षांची सवय तोंडावर आली होती. डोळे तिच्या गालांकडे, मनगटांकडे धावत होते. मी ते आवरले आणि म्हटले, "आलीस? बरं झालं. उकड काढून ठेवलीय, मळायला हात हवेत."

ती हसली. "आजी, तू काही बोलली नाहीस," ती म्हणाली.

"काय बोलायचं होतं?"

"काही नाही." आणि तिने उकडीला हात घातला.

दुपारी पानावर बसल्यावर तिने तुपाची वाटी स्वतःहून पुढे ओढली. किती मोदक खाल्ले ते मला विचारू नका. मी मोजले नाहीत.